आजोबांचा यशिका, लायकाचं वेड आणि मधला तो पिवळा चौकोन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. ठाण्यात वर्तकनगरचं घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन सापडला, चामड्याच्या केससकट. काच धुरकट दिसतेय, सेल कुठला घालायचा ते कळत नाही. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, ‘बाबा, हा विकायचा नाही, सध्या सगळे हेच शोधतायत.’ आणि तुम्ही विचारताय की या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचं एवढं वेड कशामुळे, त्यात खरंच काही आहे की नुसती हवा, आणि हा दुरुस्त करावा की सरळ महागड्या जर्मन लायका कॅमेऱ्यासाठी पैसे साठवावेत.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, ही पद्धत तुम्हाला मानवेल का. दोन, तुमच्या हातातला हा नग शाबूत आहे का. पहिल्याचं उत्तर तुम्ही कशाचे फोटो काढता यावर अवलंबून आहे. दुसऱ्याचं उत्तर एका संध्याकाळी घरीच मिळू शकतं. लायकाचा विचार या दोन्हींनंतर.

आधी कॅमेरा डोळ्याला लावा. मधोमध एक पिवळसर चौकोन दिसेल. समोर एखादी उभी रेघ धरा: विजेचा खांब, दाराची चौकट, काहीही. त्या चौकोनात खांब दोनदा दिसेल, एक ठळक आणि एक पुसट. लेन्सवरची रिंग फिरवली की पुसट खांब सरकत येतो आणि ठळक खांबावर जाऊन बसतो. बसला की फोकस झाला. एवढंच तंत्र. कॅमेऱ्याच्या पुढे दोन खिडक्या असतात. एकीतून आपण सरळ बघतो, दुसरीतून आलेली प्रतिमा आरशाने वळवून त्या चौकोनात टाकलेली असते. लेन्स पुढे-मागे झाली की तो आरसा किंचित फिरतो. जमिनीची मोजणी करणारे जसा त्रिकोणावरून अंतर काढतात, तसाच हा छोटा त्रिकोण. दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं माप नेमकं. लायका एम३ मध्ये हे अंतर ६८.५ मिलिमीटर आहे आणि खिडकीतलं चित्र खऱ्याच्या ०.९१ पट दिसतं, म्हणून त्याचं फोकसिंग आजही उजवं मानतात.

आता यात गंमत काय? एसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा. त्यात आपण लेन्समधून बघतो, त्यामुळे फ्रेमच्या बाहेरचं काहीच दिसत नाही आणि बटण दाबल्याच्या क्षणी आरसा वर जाऊन अंधार होतो. रेंजफाइंडरमध्ये आपण एका साध्या खिडकीतून बघतो. फोटोची हद्द त्या खिडकीत उजळ रेघांनी आखलेली असते आणि रेघांच्या बाहेरही थोडं जग दिसत राहतं. जांभळी नाक्याच्या भाजी मार्केटात उभे असाल, तर डोक्यावर पाटी घेतलेला माणूस फ्रेममध्ये शिरण्याच्या आधीच दिसतो आणि त्याचं पाऊल कुठे पडल्यावर बटण दाबायचं हे ठरवता येतं. त्यात तुमच्या यशिकाचं शटर पानांचं आहे, लेन्सच्या आत बसलेलं. आवाज बॉलपेनच्या टिचकीइतका. गर्दीत कोणी वळून बघत नाही.

पण हीच खिडकी गोत्यातही आणते. लेन्सचं झाकण काढायला विसरलात तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं, आणि अख्खा रोल कोरा निघतो. खिडकी लेन्सच्या थोडी वर आणि बाजूला असल्याने जवळच्या फोटोत डोकी कापली जातात. यशिकात फोकसबरोबर फ्रेमच्या रेघा सरकतात म्हणून हा त्रास कमी, पण ०.८ मीटरच्या आत तो फोकसच करत नाही. लांबच्या लेन्सचं तर नाव काढू नका. लेन्स बदलता येणारे रेंजफाइंडरही साधारण १३५ मिलिमीटरला दमतात. ऐरोली किंवा सीवूड्सला फ्लेमिंगो टिपायचे असतील, तर हे हत्यार चुकीचं आहे. घरातल्या समारंभात धावणारी लहान मुलं हाच मुख्य विषय असेल, तरीही मी तुम्हाला हा सुचवणार नाही. रस्ता, प्रवास, घरातले निवांत चेहरे, तलावपाळीची संध्याकाळ, यासाठी मात्र हा चांगला सोबती आहे.

मग एवढी कीर्ती कशी झाली? काळ बघा. लायका १९२५ मध्ये बाजारात आला. फोकसला जोडलेला रेंजफाइंडर त्यात १९३२ च्या लायका २ पासून मिळाला, आणि त्याच वर्षी त्याचा प्रतिस्पर्धी कॉन्टॅक्सही आला. तोवर बातमीदारीचे कॅमेरे म्हणजे पत्र्याच्या डब्याएवढे. खिशात मावणारा आणि ३६ फोटो काढणारा कॅमेरा हातात पडल्यावर पुढची पंचवीस-तीस वर्षं जगातले गाजलेले कितीतरी फोटो याच जातीच्या कॅमेऱ्यांनी निघाले. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिये-ब्रेसाँ लायका घेऊन भारतात होता. ३० जानेवारी १९४८ ला, हत्येच्या काही वेळ आधी, तो गांधीजींना भेटला आणि पुढे अंत्ययात्राही त्याने टिपली. युद्धाचे फोटो काढणाऱ्या रॉबर्ट कापाने ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॉन्टॅक्स वापरला. टी-शर्टांवर दिसणारा तो चे गव्हेराचा चेहरा क्यूबन फोटोग्राफर अल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० ला हवानात टिपला, लायका एम२ आणि ९० मिलिमीटर लेन्सने. १९५९ मध्ये निकॉन एफ हा एसएलआर आला आणि व्यावसायिक लोक हळूहळू एसएलआरकडे वळले. म्हणजे कॅमेरा मागे पडला, पण त्याने काढलेले फोटो भिंतीवरच राहिले. माझं मत विचाराल तर त्या फोटोंनी कॅमेऱ्याला मोठं केलं. कॅमेऱ्याने फोटो मोठे केले असं समजून जे खरेदीला जातात, त्यांची पहिल्या तीन रोलमध्ये निराशा होते.

बाकी काम पडद्याने आणि पैशाने केलं. २०१२ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये पीटर पार्करच्या हातात आहे तो यशिका इलेक्ट्रो ३५ च, आणि अनेक तरुणांना हे नाव तिथूनच कळलं. त्यात विसंगतीही नाही. तंगीतल्या पोराला परवडेल असाच हा कॅमेरा होता. दुसऱ्या टोकाला, लायकाचा जनक ऑस्कर बारनाक याचा स्वतःचा, विक्रीआधीच्या चाचणीच्या ‘शून्य मालिके’तला लायका २०२२ च्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. त्याच वर्षी लायकाने १९८४ चा फिल्मवाला एम६ पुन्हा बनवायला घेतला. रील्समध्ये दिसणारा फुजीचा एक्स१०० मात्र यात मोजू नका. त्याचा चेहरा रेंजफाइंडरचा आहे, खिडकीही सुरेख आहे, पण फोकस ऑटोफोकसने होतो, आत तो त्रिकोण नाही. मुलीला ‘तसा लूक’ हवा असेल तर तो रस्ता वेगळा आणि बराच सोपा आहे. हे तिला आधी विचारून घ्या.

आता तुमच्या नगाकडे येऊ. इलेक्ट्रो ३५ पहिल्यांदा १९६६ मध्ये आला, जीएसएन १९७३ चा. ४५ मिलिमीटर, एफ १.७ ची लेन्स. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, आपण ठरवायचं (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटरचा वेग कॅमेरा ठरवतो, ३० सेकंदांपासून १/५०० सेकंदापर्यंत. हे सगळं विजेवर चालतं. सेल नसेल तर प्रत्येक फोटो १/५०० लाच निघतो. म्हणून ‘बटण दाबलं की टिक होतंय, म्हणजे चालू आहे’ हा निष्कर्ष काढू नका. विकणारे नेमकं हेच दाखवतात.

मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. त्याजागी ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो. तेवढा फरक हे सर्किट सोसतं. अडचण मापाची आहे. जुना सेल साधारण ४४ मिलिमीटर लांब होता, हा २५ चा आणि बारीक. उरलेली जवळपास दोन सेंटीमीटर जागा स्प्रिंगने किंवा घट्ट गुंडाळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने भरा, आणि सेल हलू नये म्हणून त्याभोवती जाड कागदाची सुरळी द्या. फॉइल कडेला टेकू देऊ नका. आधी कप्प्यात डोकावून बघा. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती गळलेल्या सेलची आहे. कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि पूर्ण सुकल्यावरच सेल घाला. मागचं सेल तपासायचं बटण दाबलं की फोटो मोजणाऱ्या काट्याच्या खिडकीत हिरवा उजेड दिसायला हवा. नाही दिसला तर बहुतेक वेळा गंजलेला संपर्क किंवा कप्प्याजवळ तुटलेली तार, दोन्ही दुरुस्त होण्याजोगं.

मग कान लावून ऐकायची चाचणी. फिल्म पुढे सरकवायचा दांडा सावकाश ओढा. ओढ संपत आली की आतून एक स्पष्ट ‘ठक्’ आला पाहिजे. तो येत नसेल तर आतला छोटा रबरी पॅड झिजून गेलाय. या मॉडेलचा हा ठरलेला आजार आहे. पन्नास वर्षांत रबराचा भुगा होतो, आतली रचना मूळ जागी परतत नाही आणि वेगाचा हिशेब कोलमडतो. पॅड क्षुल्लक, पण तिथवर पोचायला कॅमेरा बराच उघडावा लागतो. हे काम यूट्यूब बघून पहिल्याच खेपेला करू नका.

त्यानंतर दिवे. बटण अर्धं दाबा. अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरून एफ १६ ठेवलंत तर पिवळा दिवा लागायला हवा, म्हणजे वेग १/३० पेक्षा कमी. उन्हाकडे धरून एफ १.७ ठेवलंत तर लाल, म्हणजे १/५०० ही पुरत नाही. दोन्ही दिवे वेळेवर लागले, ठक् आला आणि अंधाराकडे धरल्यावर शटर खरोखरच जास्त वेळ उघडं राहिलं, तर मुख्य यंत्रणा शाबूत आहे.

काचेतल्या धुरकटपणाचं निदान टॉर्चने होतं. शटर बी वर (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं राहतं ती खूण) उघडं धरा, ॲपर्चर पूर्ण उघडा, मागचं दार उघडून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे फुटलेले धागे दिसले तर बुरशी. सलग दुधाळ पडदा असेल तर वंगणाची वाफ बसलेली असते, आणि ती साफ होते. बुरशी नुकती असेल तर निघते. जुनी असेल तर काचेच्या लेपावर खाल्ल्याची खूण राहते, मग कितीही पुसा. कडेला दोन-चार धागे असतील तर फोटोत काहीच दिसत नाही. मधोमध असतील तर उन्हासमोरचे फोटो फिके येतात. अनेकदा धुरकटपणा फक्त बघायच्या खिडकीत असतो आणि लोक लेन्सला दोष देतात, त्यामुळे दोन्ही वेगवेगळं तपासा. खिडकीच्या आतली तिरकी काच मात्र पुसायला जाऊ नका. तिच्यावरचा अर्धपारदर्शक मुलामा इतका नाजूक असतो की एका फडक्यात निघतो, आणि मग तो पिवळा चौकोन कायमचा गेला. चौकोन फिका असेल तर एक जुगाड आहे: पुढच्या मोठ्या खिडकीच्या बरोबर मध्यावर काळ्या टेपचा तिळाएवढा तुकडा चिकटवा. ठळक प्रतिमा तेवढ्या जागी अडते आणि पुसट प्रतिमा एकदम उठून दिसते.

मागच्या दाराच्या खाचांतला फोम तर गेलेलाच असणार, बोटाला डांबरासारखा चिकटेल. टूथपिक आणि अल्कोहोलने खरवडून काढा, तुकडे शटरवर पडू देऊ नका. खाचांत काळी लोकर दाबून बसवा, बिजागरीकडे दीड-दोन मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी लावा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि हे न करता रोल घातलात तर प्रत्येक फोटोवर केशरी ओघळ येतील.

एवढं जमलं की एक रोल नुसता चाचणीचा समजा. २०० आयएसओचा घ्या (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा). रोल कॅमेऱ्यात घातल्यावर दांडा ओढताना डावीकडची गुंडाळायची कळ उलटी फिरतेय ना, ते बघा. फिरत नसेल तर फिल्मचं टोक रिळाला धरलेलं नाही आणि तुम्ही हवेतच ३६ फोटो काढणार आहात. फोकसची चूक एफ ८ ला लपते, म्हणून चाचणी एफ १.७ लाच करायची. एक मीटरवर तिथे स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पाच सेंटीमीटरचा असतो. मात्र भर दिवसा एफ १.७ ठेवला की लाल दिवा लागणारच, त्यामुळे सूर्य मावळल्यावरची वेळ निवडा. टेबलावर वर्तमानपत्र तिरकं ठेवा, मधल्या एका मथळ्यावर खूण करा आणि एक मीटरवरून त्या खुणेवर फोकस करा. मग तीन मीटरवर कोणालातरी उभं करा. मग गच्चीवरून घोडबंदर रोडच्या एखाद्या लांबच्या टॉवरचे दिवे. वेग कमी असेल तेव्हा ट्रायपॉड लावा. दिवसा उपवनहून येऊरच्या डोंगराची कड धरून अनंताची, म्हणजे खूप लांबच्या फोकसची, तपासणी करता येते: रिंग शेवटापर्यंत नेल्यावर दोन्ही कडा एकावर एक बसल्या पाहिजेत. आडव्या दिशेने फरक राहिला तर फोकस चुकतो. उभ्या दिशेने फरक असेल तर फोटो बिघडत नाही, फक्त डोळ्याला त्रास होतो. दोन्ही जुळवता येतात, पण वरचं झाकण उघडावं लागतं.

इथल्या उजेडाचा एक हिशेब लक्षात ठेवा. मे महिन्याच्या दुपारी ४०० चा रोल घातलात तर एफ १६ ला वेग १/४०० च्या आसपास येतो. एफ ११ केलंत की १/८०० लागेल, जो या कॅमेऱ्याकडे नाही. म्हणजे ॲपर्चर एफ १६ लाच अडकून बसतं. उन्हाळ्यात २०० चा रोल, पावसाळ्यात ४०० चा. दाट ढगांत ४०० ला एफ ८ आणि १/२५० च्या आसपास मिळतो, आणि रात्री घरातल्या दिव्यांत एफ १.७ ला १/३० च्या जवळ. फिल्टर लावाल तर आयएसओ स्वतः बदला, कारण उजेड मोजणाऱ्या मीटरचा डोळा लेन्सच्या बाहेर आहे, त्याला फिल्टर दिसत नाही. गर्दीत फोकस करत बसू नका. एफ ८ आणि तीन मीटर लावून ठेवा, साधारण सव्वादोन ते साडेचार मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं.

आणि ती चामड्याची केस. ती आठवण म्हणून जरूर ठेवा, पण कॅमेरा तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं, बुरशी बहुतेक तिथूनच आलीय. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते. रबरी कडेचा पाच लिटरचा हवाबंद डबा, त्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं बास. काटा ४० ते ५० मध्ये ठेवा. ३० च्या खाली गेलं तर वंगण आणि चामडी आवरण सुकतं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा. एसीतून दमट हवेत जाताना कॅमेरा झिपच्या पिशवीत अर्धा तास राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

दुरुस्तीसाठी फोर्टात बोराबाजारच्या आसपास विचारा, आणि देण्याआधी वरच्या चाचण्यांत काय आढळलं ते कागदावर लिहून द्या. ‘सर्व्हिसिंग करा’ एवढंच म्हणालात तर बाहेरून पुसून परत मिळण्याची शक्यता असते. खर्चाचा आकडा ऐकून घ्या. फोम, सेल, फोकस जुळवणं आणि पॅड, इतपतच असेल तर करा. सर्किटच गेलं असेल तर मी पैसे घालणार नाही. मग कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी३ शोधा, १९७२ चा. त्याचं शटर यांत्रिक आहे, सेल मेला तरी सगळे वेग चालतात, फक्त मीटर बंद पडतो. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे सोनेरी ‘लायका’ बहुतेक फेड किंवा झॉर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर खोटं नाव कोरलेले असतात. झॉर्की झॉर्की म्हणूनच घेतलात तर वाईट नाही, पण नियम पाळा: आधी फिल्म ओढायची, मगच वेग बदलायचा. उलटं केलंत की यंत्रणा मोडते. त्याचं शटर कापडी असतं, आरसा आड येत नाही, त्यामुळे उन्हात झाकण न लावता लेन्स सूर्याकडे राहिली तर भिंगाने कागद जळावा तसं कापडाला भोक पडतं. हे लायकालाही तितकंच लागू.

लायकाचं म्हणाल तर या यशिकावर दहा रोल काढा आणि प्रत्येक वेळी काय अडलं ते लिहून ठेवा. ‘लेन्स बदलता येत नाही’, ‘वेग माझ्या हातात नाही’ अशा नोंदी वारंवार आल्या, तर एम मालिकेकडे जायला कारण आहे. नोंदी ‘फोकस करेपर्यंत क्षण गेला’ अशा असतील, तर महागडा रेंजफाइंडर घेऊनही तेच लिहाल. चाचणीचा रोल धुवायला देताना निगेटिव्ह कापू नका म्हणून सांगा, आणि स्कॅन बघण्याआधी निगेटिव्ह खिडकीपाशी धरून बघा. फोकसची चूक की स्कॅनरची, ते तिथेच कळतं.